मुंगीने आणलेली फाइल

आगा नौजरच्या दुकानात काचेखाली ज्या सीड्या मांडलेल्या असत, त्यातल्या निम्म्या एकाच दुखण्यावरच्या होत्या. फोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं, तेही रडतखडत, आणि मोठी फाइल उतरवायला घेतली की मध्येच लाइन तुटायची. मग पुन्हा पहिल्यापासून. या दुखण्यावर डाउनलोड मॅनेजर नावाची औषधं निघाली होती, आणि त्यातलं कुठलं चांगलं हे इराणातल्या आमच्या अख्ख्या करमान शहरात ज्याला त्याला ठाऊक होतं. अडाणी काय तो मी एकटा.

"हिरवा बाण न्या, आगा एस्फंदियार," नौजर म्हणाला. या औषधांची खरी नावं कोणी घेत नसे. पडद्यावर जे चिन्ह दिसेल त्यावरून ओळख. "फाइलचे आठ तुकडे करतो आणि आठही एकदम ओढतो. लाइन तुटली तर स्वतःच फोन फिरवतो. घोडा आहे घोडा!"

"आणि ही मुंगी?"

"ती? ती म्हाताऱ्यांची. एकच धागा धरून बसते. तुटला की तिथूनच पुढे, बस्स. तुम्हाला कशाला? तुम्ही अजून तरणेबांड!"

माझी पन्नाशी उलटली होती आणि पाणीपुरवठा खात्यात रोज लोकांच्या शिव्या खाऊन मान आखडली होती. तरी तरणेबांड म्हटल्यावर मी हिरवा बाणच उचलला. किती द्यायचे विचारलं, तर नौजरने छातीवर हात ठेवला. "छे छे, तुमच्यापुढे त्याची काय किंमत! असंच न्या." मी पुन्हा विचारलं, तो पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्यांदा विचारल्यावर आकडा सांगितला, आणि तो काही कमी नव्हता. याला आमच्याकडे तआरोफ म्हणतात. तो न पाळणारा माणूस रानटी ठरतो, आणि पाळणारा थकून जातो.

मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "नाहीतर असं करा, फाइलचा पत्ता माझ्याकडे ठेवा. दुकानातली लाइन जलद आहे. सीडीवर उतरवून देतो."

"नको हो, तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला त्यात?"

"नको नको, खरंच नको."

"बरं, जशी आपली मर्जी," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी आईला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, खरं बोलत असेल तो!"

"खरं बोलत असता तर तिसऱ्यांदा म्हणाला असता."

"आणि तू? तू खरंच नको म्हणत होतास?"

 हात जोडून चालत आलेलं काम मी सभ्यपणाने परत पाठवलं होतं.

फाइल माझ्या बहिणीची होती. माहरोख टोरंटोला असते. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, तिला मुलगी झाली. नीका. आईने तिचे फोटो पाहिले होते, पण फोटोंवर तिचा विश्वास नव्हता. "फोटोत सगळीच पोरं सारखी. चालते कशी, बोलते कशी, ते दाखव," म्हणायची. माहरोखने सीडी टपालाने धाडली, ती दोन तुकडे होऊन आली. शेवटी तिने नीकाचं चालतंबोलतं चित्र इंटरनेटवर ठेवलं आणि मला म्हणाली, उतरवून घे.

घाई होती ती आईच्या डोळ्यांची. काचबिंदूने उजवा डोळा गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "गेलेली नजर परत येत नाही. काय दाखवायचं असेल ते हिवाळ्याच्या आत दाखवा." आई मात्र म्हणायची, "मला छान दिसतंय. नसता घोर लावून घेऊ नकोस." चहा ओतताना ती पेल्याच्या काठाला आतून बोट लावायची. मला वाटायचं, सवय असेल.

आणखी एक गोष्ट होती. आईने नीकासाठी पिवळा स्वेटर विणून पाठवला होता. तो तिकडे पोहोचेपर्यंत पोर मोठी झाली. माहरोखने फोनवर मला एकट्याला सांगितलं, "स्वेटर डोक्यातून खालीच उतरत नाही रे. चित्रात लाल कोट घातलाय तिने. आईजवळ बोलू नकोस." मी बोललो नाही.

कचेऱ्या दुपारीच सुटतात, आणि जेवणं झाली की आमचं शहर आडवं होतं. बाजार बंद, रस्ते ओस, फोनच्या तारा मोकळ्या. आई स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीत पडायला जायची आणि मी कॉम्प्युटरपुढे बसायचो. इंटरनेटचं कार्ड नखाने खरवडायचं, आकडे टाकायचे, मग मोडेम किंचाळायचा, खरखरायचा, आणि जोडला गेला तर जोडला जायचा. हिरवा बाण लगेच आठ तुकडे ओढायला लागायचा. मी पाणीखात्यातला माणूस; एका बारीक नळाला आठ बादल्या लावल्या की काय होतं, हे मला तरी कळायला हवं होतं. एकही भरत नसे. त्यात लाइन तुटायची. बाण फोन फिरवत राहायचा, आणि जोडला गेला की आठातले दोनचार तुकडे कुठे ठेवले ते विसरलेला असायचा. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात खरं, पण तळ्यालाच भोक असेल तर थेंबांनी काय करावं!

एकदा सगळं उतरलं. मी आईला हाक मारणार, तोच बाणाने तुकडे जोडताना तोंड वाकडं केलं. फाइल नासली होती. मी टेबलावर डोकं टेकून बसलो. कागद, नळ, तक्रारी, आणि घरी येऊन हे. रडलो नाही, इतकंच.

"कबूतर नेऊन बघा," नौजर म्हणाला. कबूतर नेलं. ते चित्राबरोबर कुठल्या कुठल्या देशांतल्या दंतमंजनाच्या जाहिराती आणायचं, आणि निम्मी लाइन त्या जाहिरातीच पिऊन टाकायच्या. शिवाय लाइन तुटायची ती तुटायचीच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

"घरात दुसरा फोन आहे का?" नौजरने विचारलं. "चालू असताना कोणी उचलला तर लाइन तुटते."

"स्वयंपाकघरात आहे. पण घरात मी आणि आई. आई झोपलेली असते."

"मग तुमची तारच सडलेली असणार," असं म्हणून त्याने हात झटकले.

त्यानंतर एका दुपारी कबूतर तुटलं. मी वैतागून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर आई फोनपाशी उभी. पायात चपला नाहीत, रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरलेला, डोळे मिटलेले. ती हसत होती.

"आई! काय करतेस?"

ती इतकी दचकली की मलाच वाईट वाटलं. "काही नाही रे. बघत होते, आली का."

"कोण आली?"

"नीका. तूच म्हणालास ना, ह्याच तारेतून येतेय. आधी किंचाळल्यासारखं होतं, मग पाण्यासारखा आवाज येतो. म्हटलं, येताना ऐकावं तरी. पण जरा वेळाने नुसतं गुंई लागतं. मग ठेवून देते."

"रोज उचलतेस?"

"झोप लागली नाही की उचलते."

"आणि झोप कधी लागते?"

"या वयात कुठली रे झोप!"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. बाण नाही, कबूतर नाही, तारही नाही. माझ्या सगळ्या दुपारी हिने उचलून खाली ठेवल्या होत्या. आता बोलणार, तोच तिने विचारलं, "उचलायचा नसतो का? काही बिघडतं का त्याने?" रिसीव्हर अजून तिच्या हातात होता. नेमका मला तो पेल्याच्या काठावरचा हात आठवला, का कोण जाणे.

"काही बिघडत नाही," मी म्हटलं. "उचल खुशाल."

"नक्की? घरातल्या घरात तआरोफ नको हं."

"नक्की."

नौजरसारखीच. तिसऱ्यांदा तिनेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुंगी मागितली. नौजर हसला. "झालात म्हातारे?"

"झालो बाबा. द्या."

मुंगीला ना आठ तुकडे माहीत, ना जाहिराती. करडी खिडकी आणि एक रेघ. आईने फोन उचलला की मुंगी जिथल्या तिथे थांबायची, तोंडातला कण न सोडता. आईचं ऐकून झालं की मी पुन्हा नंबर फिरवायचो आणि ती तिथूनच पुढे चालू लागायची. मला ठाऊक होतं, आई फोनला हात न लावती तर काम कितीतरी लवकर झालं असतं. रोज वाटायचं, आज सांगावं. आणि रोज दुपारी पलीकडे खट् वाजायचं, रेघ थांबायची, आणि मी गप्प बसायचो. पिस्त्यांची तोडणी झाली, बागा रिकाम्या झाल्या, डोंगरावर बर्फ दिसायला लागलं. आई पूर्वीपेक्षा जास्त वेळा फोन उचलायला लागली होती. मी ते पाहत होतो आणि त्याचा अर्थ लावत नव्हतो. मी दमलो होतो.

फाइल एका गुरुवारी पूर्ण झाली. मी दोनदा तपासली, अखंड होती. आईने ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला, खजूर भरलेल्या कुलुम्पे बिस्किटांची बशी आणून टेबलावर ठेवली आणि पाहुण्यांसमोर बसावं तशी ताठ बसली. मी तिची खुर्ची पुढे ओढली, खिडक्यांचे पडदे लावले आणि बटण दाबलं.

आवाज आला. छोटी पावलं पळाली, कोणी तरी पडलं, हसलं. माहरोख म्हणाली, "नीका, आजीला सलाम कर." एक बारीक, चिकट आवाज सलाम म्हणाला.

पडदा काळा होता.

काय झालंय ते मला तेव्हाच कळलं. असं तेव्हा व्हायचं. फाइल नव्या जातीची, आणि त्या जातीचं चित्र उलगडायला आणखी एक छोटा प्रोग्राम लागतो, तो माझ्याकडे नव्हता. म्हणजे पुन्हा नौजर, पुन्हा कार्ड, पुन्हा मुंगी. मी थांबवायला हात पुढे केला आणि "आई, चित्र नाही आलं" असं म्हणणार होतो.

"अगं बाई, केवढी झाली!" आई म्हणाली. "भुवया बघ तिच्या, एस्फी. सगळ्या तुझ्या बाबांच्या. आणि पिवळा काय खुललाय तिला! बसला हो स्वेटर. मला धाकधूक होती."

माझा हात तिथेच राहिला. काळ्या काचेत आम्ही दोघं दिसत होतो. ती पडद्याकडे बघतच नव्हती. आवाज जिकडून येत होता त्या स्पीकरकडे तोंड करून हसत होती.

"दिसतंय ना नीट?" मी विचारलं.

"न दिसायला काय झालं? तू इतका खपलास त्याच्यासाठी!" तिने चाचपत माझा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं.

"हो," मी म्हटलं. "पिवळा खुलतो तिला."

बाण घेऊ, कबूतर घेऊ की मुंगी, हे मी ठरवत बसलो होतो तेव्हा कधीतरी, कुठल्या तरी दुपारी, तिचा दुसरा डोळा गेला होता. कुठल्या, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शेवटपर्यंत आम्ही ते काळं चित्र पाहिलं. संपल्यावर ती म्हणाली, "पुन्हा लाव," आणि मी पुन्हा लावलं.

दिवेलागणीला माहरोखचा फोन आला. मी बाहेरच्या खोलीत उचलला.

"पाहिलं आईने?"

"डोळे भरून."

"खरं सांगतोस? आवडलं तिला?"

तेवढ्यात खट् झालं. स्वयंपाकघरातला फोन उचलला गेला होता.

"माहरोखजान!" आई त्या तारेवरून म्हणाली. "काय गोड पोर आहे गं! जीव ओवाळून टाकावा. पडली तरी हसते. आणि माझा पिवळा स्वेटर, अगं! अगदी मापात बसलाय की!"

 तारेवर नुसती खरखर येत होती, आई म्हणायची तसा पाण्यासारखा आवाज. लाल कोट माहरोखने स्वतःच्या हाताने घातला होता पोरीला. मी रिसीव्हर घट्ट धरून वाट बघत होतो, आता विचारेल, कुठला स्वेटर.

"हो आई," माहरोख म्हणाली. "अंगातून काढूच देत नाही."

"मग आता एक माप मोठा विणायला घेते," आई म्हणाली. "लोकरीचा रंग मात्र या खेपेला एस्फी निवडेल."