चोवीस खणांतले उद्या

मित्रांनो, मी एक जुने सागवानी कपाट आहे. खरे सांगायचे तर आता अर्धेच आहे. माझे चोवीस खण होते, त्यांतले बारा उरले. हे कसे झाले ते तुम्हांला सांगते.

माझा जन्म गोरव्याचा. तिथल्या एका कारखान्यात पंप तयार होत. त्यांचे वायसर, पिना आणि स्प्रिंगा ठेवायला मगनभाई मिस्त्रींनी मला १९६६ साली घडवले. प्रत्येक खणाला पितळी मूठ लावली आणि मुठीच्या वर नावाची चिठ्ठी सरकवायला पितळेचीच चौकट. काम संपल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सो वरस चालशे," गुजरातीत म्हणाले. शंभर वर्षे चालेल. मी ते ऐकून घेतले.

कारखान्याचे स्टोअर हेरंब ताम्हणे सांभाळत. आठ वर्षांनी तिथे लोखंडी रॅक आले आणि मी अडगळ झाले. तेव्हा हेरंबदादांनी शेठना विचारून मला लारीवर चढवले आणि दांडिया बाजारातल्या आपल्या घरी आणले. आईवडील गेलेले. घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण निरुपमा, एवढीच माणसे.

"निरू, तुझ्या कार्डांना घर आणलंय," दादा जिन्यातूनच ओरडले.

निरुपमाताई कॉलेजात मराठी शिकवत. वय सत्तावीस. पीएच.डी.साठी त्यांनी मराठी विज्ञानकथा हा विषय घेतला होता. जुनी मासिके, दिवाळी अंक, रद्दीवाल्याकडची सुटी पाने, जिथे जिथे अशी गोष्ट सापडे ती वाचून प्रत्येक गोष्टीचे एक कार्ड करीत. ती कार्डे बुटांच्या खोक्यांत कोंबलेली होती. ताईंनी मला रॉकेल लावून पुसले, माझा तेलकट वास घालवला आणि चिठ्ठ्या लिहिल्या: यंत्रमानव, परग्रह, काळात मागे, काळात पुढे, वेडा शास्त्रज्ञ, प्रलय. कालपर्यंत माझ्यात वायसर होते.

कार्डाच्या पुढच्या बाजूला ताई लिहीत. गोष्ट कोणत्या सालची, कोणत्या सालाबद्दलची, तिच्यात माणसे कोण, ती कशाला घाबरतात. मागच्या बाजूला दादा लिहीत. त्यांना यंत्रांतले कळे, म्हणून गोष्टीतले विज्ञान बरोबर की चूक ते तपासायचे काम त्यांनी आपणहून घेतले होते. त्यावरून दोघांची जुंपायची.

"हे यान उडणारच नाही, निरू."

"यान उडतं की नाही हा माझा विषय नाही, दादा. त्यात कोण बसलंय आणि खाली कोण राहिलंय, हा माझा विषय आहे."

"मग मी मागे कशाला लिहितोय?"

"तुला आवडतं म्हणून."

ते खरे होते. दादा लिहीत राहिले. ताई मात्र मागची बाजू उलटून पाहत नसत.

एका रविवारी ताई एक कार्ड हातात घेऊन बराच वेळ बसल्या. मग उठून त्यांनी माझे सगळे खण चाळले.

"दादा, ऐक. या गोष्टीत माणूस मंगळावर राहतो. हवा यंत्रानं येते, मुलं डोक्याला तारा लावून शिकतात. आणि नवरा प्रयोगशाळेतून घरी आला की बायको चहा घेऊन येते."

"मग? मंगळावर चहा नको?"

"हवा की. पण करतं कोण, ते बघ. एकसष्ट गोष्टींत बायकोच. लेखकाला मंगळ सुचला, दादा. नवऱ्यानं चहा करावा, एवढं नाही सुचलं."

दादा आत गेले आणि त्यांनी स्टोव्ह पेटवला. चहा फार गोड झाला होता. त्या संध्याकाळी माझ्या तेराव्या खणावर नवी चिठ्ठी लागली: 'चहा कोण करतं'.

ताईंचे मार्गदर्शक डॉ. शरच्चंद्र वैद्य एकदा घरी आले. त्यांनी दोनचार खण ओढून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"निरुपमाबाई, हा शाळकरी मुलांचा खाऊ आहे. तुम्ही संतवाङ्मय घ्या, नाटक घ्या. यात अभ्यासण्यासारखं काय आहे?"

"सर, या गोष्टी उद्याबद्दल बोलतात असं आपण समजतो. पण त्या ज्या वर्षी लिहिल्या, त्या वर्षाबद्दलच बोलतात. माणसांना तेव्हा कशाची भीती होती, कशाचा मोह होता आणि काय सुचतच नव्हतं, ते इथं सापडतं."

सरांनी तेरावा खण पूर्ण बाहेर काढला आणि उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली. तास गेला, दुसरा गेला. निघताना म्हणाले, "लिहा. पण कच्चं लिहिलंत तर मी सही करणार नाही."

ते माझे चांगले दिवस होते. दिवसातून वीसवीस वेळा माझे खण उघडत. मुठींचे पितळ हातांनीच चकचकीत राही. नऊ वर्षांनी प्रबंध पुरा झाला, सरांची सही झाली आणि तोंडी परीक्षेची तारीख लागली.

परीक्षेला तीन आठवडे होते. वाघोडियाच्या एका निवृत्त मास्तरांकडे काही जुने अंक आहेत असे ताईंना कळले. एक संदर्भ तपासायचा राहिला होता.

"दादा, तेवढे आणशील का? माझे पेपर तपासायचे पडलेत."

"आणतो. त्यात काय."

ते सकाळी नऊला स्कूटरवर निघाले. दुपारी एक वाजता त्यांच्या कारखान्यातले दोघे दारात आले. वाघोडियाच्या रस्त्यावर ट्रक होता. संध्याकाळी अंकांचा गठ्ठाही कोणीतरी पोचवला. सुतळी तशीच होती. एक पानही फाटले नव्हते.

ताई रडल्या नाहीत. येणाऱ्याला "बसा" म्हणत होत्या, जाणाऱ्याला "या" म्हणत होत्या. तेराव्या दिवशी वैद्यसर आले.

"तारीख पुढे ढकलता येईल. मी बोलतो."

"नको, सर."

"सहा महिन्यांनी?"

"नको."

सर उठून गेले. गठ्ठा ताईंनी न सोडताच कॉलेजच्या ग्रंथालयात देऊन टाकला. माझे चोवीसही खण त्यांनी एकेक करून आत ढकलले. दादांना वाघोडियाला कोणी पाठवले, हे भेटायला येणाऱ्या कोणालाच माहीत नव्हते. मला होते. पण मला बोलता येत नाही.

पुढची वर्षे सांगण्यासारखी नाहीत, कारण ती सगळी एकाच दिवसासारखी होती. ताई दहाला कॉलेजात जात, चारला येत. अभ्यासक्रमात जे असेल ते शिकवत. रेडिओ लावत. स्टेशन सरकून नुसती खरखर यायला लागली, तरी उठून नीट करीत नसत. माझ्या वरच्या खणांत कार्डांवरच लाइट बिले, किल्ल्या आणि औषधाच्या पट्ट्या पडू लागल्या. खालच्या खणांना हातच लागला नाही. पितळ काळे पडले. लाकडाला दुःख होते का, हे मला सांगता येणार नाही. ताईंनाही तेव्हा स्वतःबद्दल ते सांगता आले नसते. आम्ही दोघे एका खोलीत होतो, इतकेच.

निवृत्तीनंतर ताई मांजलपूरला एका सोसायटीत तळमजल्यावर राहायला आल्या. मी मागच्या खोलीत. वरच्या मजल्यावर धनाजीराव शिर्के राहत. त्यांचे पूर्वज इथल्या संस्थानाच्या फौजेत होते. हे स्वतः बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. जाता-येता "केम छो, ताई?" असे विचारीत. ताई "बरी आहे" म्हणत आणि दार लावत.

मग एका वर्षी विश्वामित्री नदीला मोठा पूर आला. पाणी सोसायटीत शिरले. कोपऱ्यावर मगर दिसली म्हणून बाहेर ओरडा चालला होता. धनाजीराव धावत खाली आले आणि ताईंना हात धरून वर घेऊन गेले. ताईंनी चष्मा आणि गोळ्या तेवढ्या घेतल्या. निघताना त्यांची नजर माझ्यावरून गेली, पण भिंतीवरूनही ती तशीच गेली.

तीन दिवस मी कमरेपर्यंत पाण्यात उभे होते. खालचे बारा खण फुगले. आतल्या कार्डांचा लगदा झाला. मला काही वाटले नाही. वाटायची सवय गेली होती.

पाणी ओसरल्यावर ताई वायपर घेऊन चिखल लोटू लागल्या. मदतीला धनाजीराव करवत आणि हातोडी घेऊन आले.

"ताई, हे कपाट आता कुजणार. ठेवायचं की काढायचं?"

"काढा."

"आत काही आहे?"

"काही नाही."

वजन कमी करावे म्हणून धनाजीरावांनी वरचा एक खण ओढला. लाइट बिले बाजूला केली, तर खाली कार्डे. त्यांनी चष्मा लावला, एक कार्ड उलटसुलट पाहिले आणि मोठ्याने वाचले, "या यानाला परत यायला इंधन उरत नाही. लेखकाने नायकाला तिकडेच ठेवावे किंवा इकडे लग्न ठरवू नये."

धनाजीराव खदखदून हसले. त्या घरात तसे कोणी कधी हसले नव्हते.

"भारी माणूस दिसतोय, ताई. कोणाचं अक्षर हे?"

वायपर थांबला.

"माझे भाऊ. हेरंब."

"कुठं असतात?"

"वारले. त्र्याऐंशी साली, वाघोडियाच्या रस्त्यावर." ताई चिखलाकडे पाहत होत्या. "जुने अंक आणायला गेले होते. मी पाठवलं होतं."

छत्तीस वर्षांत ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकले. धनाजीराव 'तुमचा काय दोष' वगैरे काही म्हणाले नाहीत. खण मांडीवर घेऊन ते खाटेवर बसले.

"आणखी आहेत त्यांच्या हातची?"

"असतील. मागची बाजू मी कधी वाचली नाही."

"मग वाचा की," धनाजीराव म्हणाले. "मी आहे इथं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मधोमध कापले. कुजणारा भाग वेगळा करायलाच हवा होता. वरच्या बारा खणांतली दमट कार्डे गच्चीत दोऱ्यांवर चिमट्यांनी टांगली गेली. ताई त्या दोऱ्यांमधून फिरत मागची बाजू वाचू लागल्या. सुरुवातीची वर्षे सगळी इंधन, वेग आणि तापमान. पुढे पुढे अक्षर तेच, पण मजकूर बदललेला. एका कार्डावर लिहिले होते, "यान ठीक आहे. पण या बाईला अख्ख्या गोष्टीत नाव नाही. निरूला विचारणे."

ताईंनी ते कार्ड दोरीवरून काढले. त्या गच्चीतच खाली बसल्या. ऊन होते. धनाजीराव जिन्यात जाऊन थांबले, आणि ताई पुष्कळ वेळ रडल्या.

नंतर त्यांनी पुस्तक लिहिले. डिग्री मिळाली नाही, वैद्यसरही तोवर राहिले नव्हते. पुस्तकात डाव्या पानावर कार्डाची मागची बाजू आहे आणि उजव्या पानावर पुढची. लेखक म्हणून दोन नावे आहेत. प्रकाशनाला चौदा माणसे होती. ताईंना ती पुरली.

मी आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे, पुढच्या दाराजवळ. जखम झालेली बाजू खाली आहे, त्यामुळे कोणाला दिसत नाही. खण रोज उघडतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाच्या हातचे काही बंद करून ठेवलेले असेल. दुःख होते म्हणून ठेवलेले असेल, मी समजू शकते. पण तो खण अधूनमधून ओढून पाहा. सगळे म्हणतात, माझे खालचे बारा खण पुराने गेले. तसे नाही. ते छत्तीस वर्षे कोणी ओढले नाहीत, म्हणून गेले. त्यांतल्या कार्डांच्या मागे दादांनी काय लिहिले होते, ते आता ताईंनाही कळणार नाही.