धम्मशीलाबाईंनी खरा ठरवलेला व्हिडिओ

"आधी पंचशील, मंग चहा," असं सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. धाड गावच्या धम्मशीलाबाईंनी तो नेम तीस वर्षं पाळला. खोटं बोलणार नाही, असं त्या रोज बुद्धमूर्तीपुढे हळू आवाजात म्हणत. हाती मोबाइल आल्यापासून नेमाला शेपूट फुटलं होतं: पंचशील, फॉरवर्ड, मग चहा. बोटानं पाठवलेलंही बोलण्यातच मोडतं, हे एवढ्या शीलवान बाईच्या ध्यानात काही आलं नव्हतं.

त्या दिवशी पोत्यातून पोरं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आला. गाव कोणतं, साल कोणतं, काही न पाहता त्यांनी तो महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. वर पदरचं लिहिलं, 'खरं आहे. सावध राहा.' मोठं पुण्य केल्यासारखं वाटून चहात आलं जरा जास्तच किसलं.

दुपारी चौकात गलका झाला. गळालेले केस घेऊन बदल्यात पिना, वाट्या देणारे गुलाम रसूल बायापुरुषांच्या गराड्यात खाली बसले होते. ओठ फुटला होता. पोत्यातून केसांचे पुंजके निघाले, म्हणजे लोकांना पुरावाच मिळाला. त्या पुराव्यात धम्मशीलाबाईंचे मागच्या महिन्यातले पांढरे केसही होते.

त्या "सोडा त्याइले" म्हणाल्या. पण जन्मभर हळू बोलायची सवय, कुणाला ऐकूच गेलं नाही. शेजारची रेणुका चप्पल उगारून उभी होती. बाईंनी तिचा हात धरला.

"तुमीच तं लिवलं, खरं हाये म्हून," रेणुका चकित झाली. "तुमी कधी खोटं बोलता का?"

"आज बोलली. रोज बोलत असन, कोनाले ठाऊक."

रेणुकानं चप्पल खाली टाकली आणि तेच खड्या आवाजात सगळ्यांना ऐकवलं, तेव्हा गर्दी पांगली. बाईंनी ग्रुपवर लगेच खुलासा टाकला. त्यावर सतरा जणींनी हात जोडले. वाचला एकीनंही नसावा. रेणुका तर अमडापूरच्या बहिणीला व्हिडिओ पाठवून मोकळी झाली होती, आणि त्या बहिणीनं सगळ्या गल्लीला.

ओसरीवर पाणी पिऊन गुलाम रसूल म्हणाले, "ताई, इथलं निपटलं. पन परवा माही फेरी अमडापूरले हाये. तिथं कोन हात धरन?"

"तुमच्या आंधी मी जातो, भाऊ. घरोघर सांगतो, तोंडानं."

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या एस.टी.ला निघाल्या, रेणुकाखेरीज कुणाला न सांगता. कनवटीला तिच्याकडून लिहून घेतलेली, बहिणीच्या गल्लीतल्या घरांची यादी होती.