हात लावलेला घोडा

ट्युनिशियातल्या सफाक्स शहरात, चहाच्या दुकानात मला सगळे ‘उधळ्या मोन्जी’ म्हणतात. बुद्धिबळात दुसऱ्याच चालीला मी राजाशेजारचं प्यादं फुकट देऊन टाकतो. खा लेका, खा! तो खात बसला की माझे उंट-घोडे त्याच्या राजावर तुटून पडतात.

माझी लेक दलेंदा हे सगळं ओळखून होती. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिला मॉन्ट्रियलला नोकरी लागली, तिकीटही आलं. मी कुणाला जाऊ नको म्हणणारा माणूस नव्हे. जायच्या आधीच्या शुक्रवारी तीच पट मांडून बसली.

“बाबा, एक डाव. तुम्ही जिंकलात तर मी नाही जात.”

“थट्टा करतेस म्हाताऱ्याची?”

“शप्पथ.”

मी प्यादं दिलं, तिनं खाल्लं. बाराव्या चालीला तिचा राजा उघडा पडला. वजिराचा एक शह, की पुढच्या चालीला मात! पोरगी राहणार! आणि हा मेला हात, चाळीस वर्षांच्या सवयीनं आपसूक घोड्याकडे गेला. मी घोडा उचलला.

आमच्यात हात लावला की तीच सोंगटी हलवायची; नुसती तिरकी सोंगटी सरळ केली तर तेवढी माफी. सहा वर्षांची असताना ती रडली होती, तरी मी तिला चाल बदलू दिली नव्हती.

“घोडा सरळ करत होतात ना, बाबा? तिरकाच होता तो,” ती हळूच म्हणाली.

“मी रडीचा डाव खेळत नाही.”

“अहो, मी पाहिलं ना. सरळच करत होतात. ठेवा खाली.”

“मला भीक घालतेस?” मी ओरडलो आणि घोडा हलवला. माझा वजीर उघडा पडला. ती कितीतरी वेळ पटाकडे बघत राहिली.

“आता खेळ की!”

तिनं वजीर मारला. पुढं डावात काही उरलंच नाही.

मंगळवारी ट्यूनिसच्या विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सीत बॅग ठेवताना ती म्हणाली, “मला हरायचं होतं, बाबा. तुम्ही तोंडानं राहा म्हणत नाही, म्हणून डाव मांडला होता मी.”

राहा, एवढाच शब्द होता. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

“पोचलीस की फोन कर,” मी म्हणालो.