भिंतीवरच्या एकतीसजणी

दर जूनमध्ये, सांतो आंतोनिओच्या जत्रेआधी, साल-वेल्यो वस्तीतलं प्रत्येक घर आपापली बाई रंगवायचं. तारली माशांचे डबे भरणारा कारखाना कधीच बंद पडला होता. त्याच्या भिंतीवरच्या चित्रात एकतीस कामगार बाया संपाला उभ्या होत्या, खांद्याला खांदा लावून. चित्रकार गेला निघून. बाया वस्तीने सांभाळल्या.

यंदा तिसऱ्या बाईचं, फेलिझमिनाचं, तोंड सोललं होतं. ती मार्चमध्ये वारली होती आणि तिच्या मुलीने, ओदेतने, रंगाचा डबा उघडलाच नव्हता.

पालिकेच्या फाइलीत नेमका तेवढाच फोटो लागला. वस्तीलाच भिंतीची पर्वा नाही, असा शेरा. समोर हॉटेल होत होतं आणि भिंतीवर आता बायांच्या जागी लिस्बनचा कुणी कलाकार गॉगल लावलेली तारली काढणार होता.

पालिकेचे वालादास साहेब स्वतः ओदेतच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. आईबद्दल मनापासून बोलले. मग म्हणाले की आईचा चेहरा आम्ही ठेवू, माशाशेजारी, गोल चौकटीत, खाली नाव. चांगल्या हातांकडून नवा करून घेऊ. वस्तीचा हरकतीचा अर्ज तुमच्या सहीचा आहे, तेवढा मागे घ्या.

ज्या चेहऱ्याला हात लावायचा तीन महिने धीर झाला नव्हता, तो दुसरं कुणीतरी रंगवणार होतं. ओदेतने संध्याकाळपर्यंत मुदत मागितली. नाही म्हणाली नाही.

भिंतीखाली देओलिंदामावशी खुर्ची टाकून शेंगा सोलत होती. वय चौऱ्याऐंशी, भिंतीवर फेलिझमिनाच्या शेजारची चौथी बाई ती. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून दोघींनी एकोणीस वर्षं अबोला धरला होता. ओदेतने तिला सगळं सांगितलं.

"घेऊन टाक चौकट," मावशी म्हणाली. "माझ्यापासून सुटेल तरी बिचारी."

ओदेतने वर पाहिलं. आईचा हात देओलिंदाच्या खांद्यावर होता. तोंड सोललेलं, पण पाचही बोटं ताज्या रंगाने तुकतुकीत.

"हा हात कुणी रंगवला? तो तर आई रंगवायची."

"माझ्या खांद्यावर आहे ना? मग माझ्या हद्दीत येतो." मावशीने शेंगांतून मान वर केली नाही. "दोरी तेवढी तिच्या हद्दीत होती. ते मी तेव्हाही कबूल केलं नाही, आताही करणार नाही."

ओदेत घरी गेली आणि डबा घेऊन आली.

संध्याकाळी साहेब सहीसाठी आले, तेव्हा ती शिडीवर होती. आईचे ओठ झाले होते. हनुवटीचं काम चाललं होतं, आणि चेहरा थोडा वाकडा येत होता. साहेबांनी खालून कागद दाखवला.

"आईला एकटीला उभं राहायची सवय नाही, साहेब," ती म्हणाली. "पुसायच्या तर एकतीसही पुसा. फक्त दिवस सांगून या. आम्हीही खाली उभ्या राहू."

"आणि शिडी आपली आणा," मावशी म्हणाली. "ही मिळायची नाही."



"फाइलीतला फोटो जुना झालाय," ओदेत म्हणाली. "नवा काढून घ्या. जरा लांबून, रंग ओला आहे."