पिंपभर पाणी

ज्युलियसने तार बॅटरीला जोडली आणि पिंपातल्या तांबड्या पाण्यात सोडलेल्या अल्युमिनियमच्या पट्ट्यांभोवती बुडबुडे उठू लागले.

"उकळतंय काय रे?" त्याची आई मटिल्डा हात पुसत जवळ आली.

"उकळत नाही, आये. विजेने घाण गोळा होते. थोडी वर येते, थोडी तळाला बसते."

"होत असेल बाबा," म्हणत तिने मान डोलावली.

हीच ती मान! मुंबईच्या प्रयोगशाळेत लागल्यापासून तो आपलं काम समजावत होता आणि ती अशीच मान डोलवत होती. कुणी विचारलं की म्हणायची, पोरगा विजेचं कायतरी करतो. मग होळी या त्यांच्या गावातले लोक बंद पडलेले रेडिओ घेऊन दारात हजर. एवढं शिकून काय उपयोग? एकदा तरी आईला कळावं, एवढीच त्याची हाव होती.

उद्या धाकट्या बहिणीचं, पॉलिनचं लग्न. आज संध्याकाळी बायका रिवाजाप्रमाणे वाजतगाजत 'उंबराचं पाणी', म्हणजे नवरीच्या न्हाणाचं पाणी, भरायला येणार, नवरी त्याच पाण्याने न्हाणार, आणि ते घरच्याच विहिरीचं हवं. नेमका याच आठवड्यात शेजारचा मासेमारीची जाळी रंगवायचा हौद फुटला आणि झाडाच्या सालीचा तांबडा रंग विहिरीत झिरपला.

दुपारी ज्युलियसने पिंपावरचा मळकट फेस काढला, पाणी निवळू दिलं, फडक्यातून गाळलं. पेला भरून उजेडात धरला. पाणी नितळ होतं.

मटिल्डा पेल्याकडे बघतच राहिली. मग तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

"माझ्या पोराने केलं हे?"

ज्युलियस शीळ घालत दाढी करायला गेला. बाहेर बँड वाजला तसा तोंडाला साबण घेऊनच धावत आला. विहिरीपाशी बायकांची गर्दी होती आणि पिंप आडवं पडलं होतं.

"आये, पाणी कुठंय?"

"विहिरीत ओतलं."

"अगं, का?"

"का म्हंजे? फादरने मंत्रलेल्या पान्याचे चार थेंब टाकले तर अख्खी घागर पवित्र होते. तू तर पिंपभर केलंस. म्हटलं, अख्खी विहीर सुधारू दे."

हसावं की रडावं, ज्युलियसला कळेना. तिला पटत नाही म्हणून तो इतकी वर्षं झुरला. आता पटलं होतं, पण इतकं की ते त्याच्याही आवाक्याबाहेरचं होतं.

क्लारामावशीने पहिली कळशी ओढली. पाणी तांबडं ते तांबडंच. बँड थांबला. सगळ्या बायका ज्युलियसकडे बघू लागल्या.

"झालं ना रे शुद्ध?" मटिल्डाने विचारलं.

ज्युलियसने गालावरचा साबण पुसला. कळशीत पाहिलं, मग आईकडे.

"झालं, आये. रंग तेवढा राहतो. सालीचा रंग आहे, त्याने अपाय होत नाही."

बँड पुन्हा सुरू झाला. मटिल्डा कळशी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे निघाली. वाटेत एका पाहुणीने विचारलं, "पोरगा मुंबईला काय करतो?"

"पानी शुद्ध करतो," मटिल्डा ठणकावून म्हणाली. हिंदकळलेल्या कळशीतून तांबडं पाणी तिच्या कपाळावर ओघळत होतं.