सरांचा सत्कार

"खाट न्यायला मात्र दुसऱ्याच दिवशी टेंपो हजर. अनामत परत द्यायला अजून कुणी फिरकलं नाही."

गिऱ्हाईक बाई आपल्या बहिणीला हळूच म्हणाली. हळूच, पण टेलरबाईंच्या कानापासून वीतभर अंतरावर. कारण त्या तेव्हा तिच्या ड्रेसच्या खांद्याला टाचण्या लावत होत्या.

"मागायची ना मग," बहीण म्हणाली.

"सासूबाई त्या खाटेवर गेल्या. त्यांचे पैसे काय मागायचे? लोक म्हणतील, सुनेला हिशेब सुचतायत. बुडाले समजायचं."

आमच्या केंद्रात असं होत नाही, असं टेलरबाईंना ठणकावून सांगायचं होतं. पण तोंडात टाचण्या धरलेल्या माणसाला बाणेदारपणा जमत नाही. टाचण्या संपेपर्यंत बहिणींचं बोलणं गळ्याच्या आकारावर गेलं होतं. त्या ड्रेसला टेलरबाईंनी दुपारी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, आणि उसवताना पाठीला कात्री लागली ती वेगळीच.

केंद्र म्हणजे रुग्णसाहित्य केंद्र. आजाऱ्याची खाट, चाकाची खुर्ची, प्राणवायूचं यंत्र, जे लागेल ते घरी वापरायला फुकट न्यावं. फक्त अनामत ठेवावी, आणि वस्तू परत आली की ती परत मिळावी. पगार कुणालाच नव्हता. सिस्टर, म्हणजे निवृत्त नर्सबाई, यंत्रं तपासायच्या. कोपऱ्यावरचा केमिस्ट आपला टेंपो द्यायचा. टेलरबाई गाद्यांना रेक्झिनच्या खोळी शिवायच्या. आणि या सगळ्यांच्या वर सर. एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. केंद्र त्यांच्याच गॅरेजात सुरू झालं आणि तिथेच राहिलं.

सरांचा एक नियम होता. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरच्यांनी अनामतीसाठी केंद्राच्या दारात उभं राहायचं नाही. पैसे आपण नेऊन द्यायचे. आपण म्हणजे सरांनी स्वतः. सवडीने, घर जरा सावरल्यावर. पावती नाही, सही नाही. "दुःखाच्या घरी कागद पुढे करू नये," असं ते म्हणायचे, आणि ऐकणारा हात जोडायचा.

टेलरबाई तर जोडायच्याच. त्यांचा नवरा गेला तेव्हा सर असेच आले होते. चांगले तासभर बसले. नवऱ्याच्या तिरसट स्वभावाच्या आठवणी काढून त्यांनी टेलरबाईंना हसवलं, आणि उठताना अनामतीचं पाकीट ठेवून म्हणाले होते, "मोजून घ्या हं."

त्या बहिणींचं बोलणं ऐकल्यावर पुढचे काही दिवस टेलरबाईंचं मशीनवर लक्ष लागेना. मग माणूस गेलेल्या घरी जायला त्यांनी निमित्तं काढली. कुणाच्या पडद्यांची मापं, कुणाच्या उशांचे अभ्रे. बोलता बोलता विचारायच्या, "सर येऊन गेले असतील ना?" कुणी म्हणे, नाही बाई, पण राहू दे, तेवढीच देणगी. कुणी विषय बदलून चहा ठेवायला उठे. "आले होते की" म्हणणारं जे एक घर निघालं, तिथली गोष्ट फार जुनी होती.

शेवटी त्या सरांकडेही जाऊन आल्या. सोफ्याची कव्हरं सैल झाली असतील, हे निमित्त. घरात कुठे काही नवं दिसतंय का, हे त्या चोरून बघत होत्या आणि स्वतःचीच लाज वाटत होती. सोफा तोच, कव्हरंही त्यांनीच शिवलेली, दाराशी झिजलेल्या टाचांच्या चपला. एवढे पैसे घेतल्यावर माणूस निदान चपला तरी नव्या घेतो. सरांनी स्वतः चहा केला आणि विचारलं, "झोप नाही का होत? डोळे ओढलेत तुमचे."

केमिस्टच्या दुकानामागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांवर बसून, टेलरबाईंनी दोघांना सगळं सांगितलं. सिस्टर चष्मा पुसायला लागल्या. केमिस्टने एक खोकं उचललं आणि होतं तिथेच परत ठेवलं. म्हणजे दोघांच्याही कानावर होतं तर.

"थोडा घोळ झालाय खरा," केमिस्ट म्हणाला.

"वय झालं त्यांचं. राहून जात असेल," सिस्टर म्हणाल्या.

"सगळ्याच घरांचं?"

सिस्टरनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"बाहेर कळलं तर उद्या आपल्याकडे अनामत कोण ठेवील?" केमिस्ट म्हणाला. "आणि ज्या वस्तू आत्ता लोकांच्या घरी आहेत, त्या तरी परत येतील का? केंद्र बंद पडेल, टेलरबाई."

"म्हणून तर म्हणते, अपमान नको," सिस्टर म्हणाल्या. "सत्कार करू. छानसा, निरोपाचा. ते मानाने बाजूला होतील. पैसे आपण तिघं मिळून भरू हळूहळू."

"आणि त्यांना सांगायचं काय?"

"सांगायचं कशाला? शहाणा माणूस आहे. समजेल."

टेलरबाईंना हे पटलं नाही, पण बरं वाटलं. बोलण्याची पाळी टळली की माणसाला बरं वाटतंच.

टेलरबाईंच्या मुलीला फोनवर हे कळलं तेव्हा ती हसत सुटली. "म्हणजे हार घालून हाकलणार? असली युक्ती तुम्हालाच सुचायची."

"तुला हसायला काय होतंय. बाबांना अंथरुणात वळवायला यायचे ते. रोज."

"माहितीये गं आई. म्हणून तर कुणी तोंड उघडत नाही."

सत्काराच्या दिवशी गॅरेजातल्या खाटा भिंतीला सरकवल्या. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा काही पाहुण्यांना चाकाच्या खुर्च्यांवर बसवलं. ती माणसं भाषण ऐकता ऐकता हळूच मागेपुढे होत राहिली. केमिस्टने आपल्या भाषणात 'विश्रांती' हा शब्द तीनदा आणायचा, असं ठरलं होतं. त्याने तो एकदा आणला, आणि मग सर भर पावसात खाट डोक्यावर घेऊन चार जिने कसे चढले होते, ते सांगता सांगता वाहवत गेला. सिस्टर तर बोलायला उठल्या आणि रडूनच खाली बसल्या. टेलरबाईंनी पुष्पगुच्छ दिला. सरांचा हात गार होता.

सर उठले. पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला.

"निरोप घ्यायचा, असं मनाशी पक्कं करून आलो होतो," ते म्हणाले. "वाटलं होतं, तुम्हाला आता मी नकोसा झालोय. पण आज जे ऐकलं... नाही. एवढ्या प्रेमाला पाठ दाखवून कुठे जाऊ? हातपाय चालतायत तोवर मीच बघेन सगळं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सवयीने केमिस्टचेच हात सगळ्यात आधी वाजले.

"आता हो?" सिस्टरनी कुजबुजत विचारलं.

"आता काय. पुढच्या वर्षी पुन्हा सत्कार," केमिस्ट ओठ न हलवता म्हणाला.

टेलरबाईंना घाम फुटला होता. पंख्याखाली जाऊन उभ्या राहिल्या, तिथेही बरं वाटेना; म्हणून दाराकडे वळल्या, तर दारात कामाच्या मळक्या कपड्यांतला एक माणूस घुटमळत होता. आतली गर्दी बघून त्याने पाय मागे घेतला.

"खाट इथेच मिळते ना? आईला आज संध्याकाळी दवाखान्यातून सोडतायत. समारंभ असेल तर नंतर येतो."

"अहो, नंतर कशाला?" सर पाहुण्यांमधून वाट काढत आले. "कितव्या मजल्यावर राहता? आई आपली आपण कूस बदलते का?"

माणूस सांगत गेला. सरांनी भिंतीकडच्या खाटा ओढून बघितल्या, एकीचं चाक अडकत होतं ती बाजूला केली, दुसरी निवडली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळाने कसं वळवायचं, उशी कुठे द्यायची, हे त्यांनी स्वतः वाकून करून दाखवलं. माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला. टेलरबाई बघत होत्या. यातलं काहीच खोटं नव्हतं, हेच त्यांना सहन होईना.

"फार उपकार झाले," माणूस म्हणाला. शर्टाच्या आतल्या खिशातून त्याने नोटांची घडी काढली. "अनामत कुणाकडे देऊ?"

सिस्टर जमिनीकडे बघू लागल्या. केमिस्टने फोन कानाला लावला, वाजला नसताना. सरांनी हात पुढे केला.

"त्यांच्याकडे देऊ नका," टेलरबाई म्हणाल्या.

मागे चाकाची एक खुर्ची कुरकुरली आणि थांबली. माणूस घडी हातात धरून एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला.

"का?"

"परत मिळत नाही."

सरांचा हात तसाच पुढे होता. ते हसले, शाळेतल्या एखाद्या हट्टी मुलीकडे बघून हसावं तसे. "एखाद्या वेळी राहून जातं हो, टेलरबाई. माणूस आहे मी."

"राहून जात नाही, सर," टेलरबाई म्हणाल्या. "तुम्ही पैसे खाता."