कासवाला काय म्हणायचं

बसवकल्याणच्या बाजारात मल्लेश्वरीचं साड्यांचं दुकान होतं. माहेर उदगीरकडचं, तिथं मराठी. सासर जवळच्याच कोहिनूर गावचं, तिथं घरात कन्नड. बोलण्यात तिचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं. बाई उंबऱ्यावर चप्पल काढेपर्यंत तिची भाषा कोणती हे मल्लेश्वरीला कळायचं, आणि त्याच भाषेत स्वागत व्हायचं.

एका दुपारी तिनं गिऱ्हाइकापुढं साडी उलगडली आणि रंगाचं नाव सांगायला तोंड उघडलं, तर शब्दच फुटेना. रंग दिसत होता, पदर हातात होता, पण नाव काही येईना. ओठाचा कोपरा फडफडला आणि थोड्या वेळानं सगळं सुरळीत झालं. नवऱ्याला, शरणबसवाला वाटलं, ऊन बाधलं असेल. पण पुन्हा तसंच झालं, तेव्हा त्यानं तिला कलबुर्गीच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला गाठ निघाली.

"गाठ हळू वाढणारी दिसते," सर्जन प्रशांतकुमार कन्नडमध्ये म्हणाले. "पण बोलण्याच्या जागेला चिकटून आहे. तुम्हाला जागं ठेवूनच काढावी लागेल."

शरणबसवाच्या तोंडचं पाणी पळालं. मल्लेश्वरी मात्र पुढं सरकून बसली. जागं कशासाठी?

बोलण्याची जागा साधारण कुठं असते ते माहीत असतं, डॉक्टरांनी समजावलं, पण नेमकी कुठं ते माणसागणिक वेगळं. म्हणून कवटी उघडल्यावर मेंदूच्या एकेका ठिकाणी विजेचा अगदी बारीक स्पर्श करायचा आणि तेव्हा रोग्याला बोलतं ठेवायचं. जिथं बोलणं अडेल तिथं चाकू न्यायचा नाही. मेंदूला स्वतःला दुखत नसतं. कातडीपुरती भूल पुरते.

तयारीसाठी तिला अंजूकडं पाठवलं. अंजू मानसशास्त्रज्ञ, लातूरकडची. तिच्यापाशी चित्रांचा गठ्ठा होता. मांजर, किल्ली, कंगवा, कासव. प्रत्येक चित्राला मराठीत 'याला म्हणायचं मांजर' आणि कन्नडमध्ये 'इदु बेक्कु' असं पूर्ण म्हणायचं.

"नुसतं मांजर म्हटलेलं चालत न्हाई व्हय?"

"न्हाई अक्का. 'याला म्हणायचं' निघालं आणि मांजर निघालं न्हाई, तर नाव अडलं. काहीच निघालं न्हाई, तर बोलणंच अडलं. दोन्ही जागा वेगळ्या."

मल्लेश्वरीला हे फार आवडलं. कंगव्याला ती फणी म्हणाली, तर अंजूनं चित्रामागं 'फणी' लिहून घेतलं. छत्रीचं आणि खुर्चीचं चित्र मात्र अंजूनं बाजूला काढलं. हे शब्द दोन्हीकडं जवळजवळ सारखेच; कोणती भाषा बोलली ते कळणार कसं?

"माझी मराठी एका कप्प्यात अन् कन्नड दुसऱ्या कप्प्यात हाय का मग?"

"कप्पे न्हाईत. बहुतेक जागी दोन्ही मिसळलेल्या असतात. पण कुठं कुठं एकच अडते, दुसरी चालू राहते. तुमचं कसं हाय, ते त्या दिवशीच कळंल."

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, एकच भाषा अडणारी अशी एखादी जागा गाठीतच निघाली तर काय करायचं? शरणबसव लगेच म्हणाला, "कन्नड सांभाळा. घर, लेकरं, सगळं कन्नडमध्ये हाय."

मल्लेश्वरीनं त्याच्याकडं पाहिलं. "माझ्या आईला कन्नड येत न्हाई," ती म्हणाली. "तिथं तेवढी गाठ राहू द्या."

ऑपरेशनच्या दिवशी ती हिरव्या पडद्याखाली कुशीवर निजली होती. समोर अंजू चित्रं दाखवत होती. मराठीचं उत्तर अंजू तपासायची, कन्नडचं डॉक्टर. बराच वेळ सगळं नीट चाललं. मग कासव आलं.

"याला म्हणायचं..." मल्लेश्वरी थांबली. "याला म्हणायचं... विहिरीत असतंय बघ ते. पाठ टणक."

"कन्नडमध्ये?" अंजूनं विचारलं.

"इदु आमे."

विजेचा स्पर्श काढला, तसं 'कासव' आपसूक तोंडात आलं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. भीती वाटायला हवी होती, पण तिला वाटत होतं नवल. कासव तर डोळ्यांपुढं होतं, आईच्या विहिरीतलं, शेवाळलेलं. नुसतं नाव तेवढं कुणीतरी उचलून नेलं होतं. तिथली गाठीची पातळ कड डॉक्टरांनी सोडली आणि बाकीची काढली.

तरीही ऑपरेशननंतर तिच्या तोंडून मराठी निघेना. माहेराहून आई आली होती, सोजराबाई. लेक तिला म्हणाली, "नीरु कोडु."

"पाणी मागायलीय," शरणबसव म्हणाला.

सोजराबाईंनी पाणी पाजलं आणि पदर डोळ्यांना लावला. अंजूनं सांगितलं, कापल्याच्या आसपास सूज आहे. ती उतरली की मराठी बहुतेक परत येईल.

"मग मी बोललेलं कळतंय कसं तिला?"

"ऐकून समजायची जागा मागं हाय आई. तिकडं हात लावला न्हाई."

मग सोजराबाईंनी बोलायचंच ठरवलं. रोज उशाशी बसून गावातलं सगळं सांगायच्या. लेक कन्नडमध्ये काही विचारायची, जावई मराठी करून द्यायचा, सोजराबाई उत्तर द्यायच्या. एकदा त्या शेजारच्या चांगुणाबाईच्या सुनांचं भांडण रंगवत होत्या. धाकटीनं चूल वेगळी मांडली म्हणे.

"धाकटी न्हाई, थोरली," मल्लेश्वरी म्हणाली.

"थोरली व्हय? असंल," म्हणत सोजराबाई पुढं सांगायला लागल्या. शरणबसवच उठून उभा राहिला. "मावशी, थांबा. काय म्हणाली ती आत्ता?"

हळूहळू बाकीची मराठीही आली. अजून एखादं नाव वाटेत रेंगाळतं. राहिलेली कड तशीच आहे, वाढलेली नाही. गोळ्या चालू आहेत आणि ठरावीक काळानं स्कॅन करावा लागतो.

अशाच एका तपासणीला तिनं ऑपरेशनमधला फोटो मागितला. फोटोत गुलाबी घड्या, त्यावर रक्तवाहिन्या आणि तपासलेल्या जागांवर ठेवलेले कागदाचे बारके आकडे होते. अंजूनं कासवाची जागा दाखवली. मल्लेश्वरीनं फोटो मोठा करून बघितला.

"हितं तर काहीच वेगळं दिसत न्हाई गं."

"न्हाईच दिसत. विचारावं लागतंय."

शरणबसवानं तोंड फिरवलं होतं. "गिऱ्हाइकाला दाखवू नको म्हणजे झालं," तो म्हणाला. तोवर तिनं फोटो आईच्या मोबाइलवर पाठवूनही दिला होता.